संभाव्यता शिकायची तर आधी छेद लिहायला शिका

प्रश्न थोडक्यात असा: शाळेत संभाव्यता शिकून झाली, सूत्रं अजून पाठ आहेत, नाण्यांची आणि फाशांची सरळ गणितं सुटतात. पण प्रश्नाची भाषा जरा बदलली की बेरीज करायची की गुणाकार, हेच कळत नाही. पुढे संख्याशास्त्र शिकायचं आहे, तर मुळापासून सुरुवात कुठून करावी आणि अभ्यास कसा करावा?

हा विषय बरीच वर्षं शिकवतो आहे, आणि चुकीच्या उत्तरांमध्ये एक गोष्ट सतत दिसते. अंश बहुतेक वेळा बरोबर असतो, गडबड छेदात असते. ‘अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती’ हे सूत्र सगळ्यांना येतं. पण त्यातलं ‘एकूण’ म्हणजे नेमकं काय, हे विद्यार्थी मनातल्या मनात ठरवतो आणि कागदावर थेट अपूर्णांक मांडतो. तुम्ही वर्णन केलेली अडचण जवळपास पूर्णपणे इथूनच येते. म्हणून माझा सल्ला असा की काही दिवस सूत्रं बाजूला ठेवा आणि प्रत्येक प्रश्नात फक्त नमुना अवकाश लिहा, म्हणजे काय काय घडू शकतं त्याची पूर्ण यादी. उत्तर काढायची घाई करू नका.

अगदी सोप्या प्रश्नापासून सुरू करू. एक नाणं दोनदा उडवलं, तर निदान एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये एका विश्वकोशातल्या लेखात याचं उत्तर २/३ असं दिलं होतं. त्यांचा युक्तिवाद ऐकायला पटणारा आहे. पहिल्या खेपेला छापा पडला की काम झालं, दुसऱ्यांदा उडवायची गरजच नाही. म्हणजे शक्यता तीनच: पहिल्यांदाच छापा, आधी काटा मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. तिघांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३.

यादीत काही राहून गेलेलं नाही आणि काही दोनदाही आलेलं नाही. तरी उत्तर चूक आहे, कारण या तीन शक्यतांचं वजन सारखं नाही. ‘पहिल्यांदाच छापा’ ही शक्यता एकटीच निम्मी जागा व्यापते आणि उरलेल्या दोघी मिळून निम्मी. दुसऱ्यांदा नाणं उडवायची गरज नसली तरी उडवलं असं समजा. मग छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा अशा चार सारख्या वजनाच्या निष्पत्ती मिळतात आणि उत्तर ३/४ येतं. खात्री करायची असेल तर नाणं घ्या आणि दोन-दोनदा उडवून शंभर जोड्यांची नोंद करा. साधारण ७५ च्या आसपास जोड्यांत छापा दिसेल, ६७ च्या आसपास नाही. शंभर जोड्यांत थोडं इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून धीर असेल तर तीन-चारशे करा.

‘समसंभाव्य’ हा शब्द पुस्तकात व्याख्येच्या ओळीत येतो आणि वाचणारा पुढे जातो. पण भागाकाराच्या सूत्राला परवानगी मिळते ती फक्त या शब्दामुळे. निष्पत्ती समसंभाव्य नसतील तर मोजून भागण्याला काही अर्थ नाही. ड्रॉइंग पिन जमिनीवर टाकली तर ती एक तर टोक वर करून पडते किंवा आडवी पडते. निष्पत्ती दोन आहेत, म्हणून संभाव्यता अर्धी-अर्धी होत नाही. ‘एक तर होईल किंवा होणार नाही, म्हणजे पन्नास टक्के’ हे वाक्य गंमत म्हणून ठीक आहे. परीक्षेत मात्र तेच वाक्य वेगवेगळी रूपं घेऊन येतं आणि मुलं त्याला फसतात.

दोन फाशांचं उदाहरण घेतल्याशिवाय हा मुद्दा पक्का होत नाही. बेरीज ११ येण्याची शक्यता जास्त की १२ येण्याची? लायब्निझसारख्या थोर गणितज्ञाला वाटलं होतं की दोन्ही सारख्याच, कारण १२ होतात ते ६ आणि ६ मिळून, आणि ११ होतात ते ५ आणि ६ मिळून, म्हणजे दोन्हींना एकेकच मार्ग. आता एक फासा लाल आणि एक निळा आहे असं समजा. लाल ५ आणि निळा ६ ही एक निष्पत्ती, लाल ६ आणि निळा ५ ही दुसरी. बारासाठी मात्र दोन्हींवर ६ ही एकच निष्पत्ती आहे. म्हणून ११ ची संभाव्यता २/३६ आणि १२ ची १/३६. इथे हमखास एक प्रश्न येतो: ‘पण फासे खरंच एकाच रंगाचे असतील तर?’ तरी काही बदलत नाही. आपल्याला ते वेगळे ओळखता आले नाहीत म्हणून फासे आपलं वागणं बदलत नाहीत. त्यामुळे शंका आली की वस्तूंना मनातल्या मनात रंग द्या किंवा क्रमांक द्या, आणि मगच मोजा.

सहा ओळी आणि सहा रकाने काढून ३६ घरांचा तक्ता एकदा हाताने भरा. छापील तक्ता बघू नका, स्वतः भरा. प्रत्येक घरात बेरीज लिहिली की ७ ची सहा घरं तिरक्या रेषेत दिसतात, आणि दोन्ही बाजूंना घरं एकेकाने कमी होत जातात. दोन फाशांवरचे जेवढे प्रश्न पुस्तकात असतील ते सगळे या एका तक्त्यावर बोट ठेवून सोडवता येतात.

जरा अवघड हवं असेल तर तीन फासे घ्या. गॅलिलिओसमोर आलेला प्रश्न असा होता: तीन फाशांची बेरीज ९ होण्याच्या रीती सहा आणि १० होण्याच्याही सहा, मग खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा पडताना का दिसतात? नऊसाठी १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. दहासाठी १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४. दोन्हीकडे सहा. पण तिन्ही अंक वेगळे असतील तर ते फाशांवर सहा प्रकारे बसतात, दोन सारखे असतील तर तीन प्रकारे, आणि तिन्ही सारखे असतील तर एकाच प्रकारे. ते वजन लावून बेरीज केली की नऊसाठी २५ आणि दहासाठी २७ निघतात, २१६ पैकी. फरक फक्त २/२१६, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. एवढा बारीक फरक खेळणाऱ्यांच्या लक्षात आला होता, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

आता दुसरी अडचण: बेरीज की गुणाकार. प्रश्नात ‘किंवा’ दिसलं की बेरीज आणि ‘आणि’ दिसलं की गुणाकार, असा तोडगा बऱ्याच ठिकाणी शिकवला जातो. मला तो आवडत नाही. ‘निदान एक’, ‘फक्त एकच’, ‘एकही नाही’ अशा शब्दांनी प्रश्न विचारला की हा तोडगा गप्प बसतो.

बेरीज म्हणजे यादीतल्या घरांची बेरीज. पत्त्यांच्या ५२ पानांतून एक पान काढलं, तर ते बदामाचं किंवा राजा असण्याची संभाव्यता किती? बदामाची १३ पानं आणि ४ राजे मिळून १७ होतात, पण बदामचा राजा दोन्हीकडे मोजला गेला. तो एकदा वजा केला की १६ पानं उरतात, म्हणजे १६/५२ किंवा ४/१३. पुस्तकातलं बेरजेचं सूत्र एवढंच सांगतं: दोनदा मोजलेलं एकदा काढून टाका. दोन घटना एकत्र घडूच शकत नसतील, म्हणजे परस्पर अपवर्जी असतील, तर काढण्यासारखं काही नसतं.

गुणाकार म्हणजे भागाचा भाग. पहिल्या फाशावर ६ येतो तो एकूण वेळांच्या एक षष्ठांश भागात. त्या भागातल्या पुन्हा एक षष्ठांश वेळा दुसऱ्या फाशावर ६ येतो. एक षष्ठांशाचा एक षष्ठांश म्हणजे १/३६. इथे एक अट गुपचूप आत आली आहे, ती अशी की पहिल्या फाशाची बातमी कळल्यावर दुसऱ्याचा १/६ तसाच राहतो. यालाच घटना स्वतंत्र असणं म्हणतात. पत्त्यांतून एक पान काढून परत न ठेवता दुसरं काढलं, तर दोन्ही एक्के असण्याची संभाव्यता ४/५२ गुणिले ३/५१, म्हणजे १/२२१. दुसऱ्या अपूर्णांकात छेद ५१ झाला आणि अंश ३ झाला, कारण जग बदललं. पान परत ठेवलं तर ते पुन्हा ४/५२ होतं आणि उत्तर १/१६९ येतं.

परस्पर अपवर्जी आणि स्वतंत्र या दोन कल्पनांची गल्लत इतकी सर्रास होते की इथे जरा थांबू. ‘दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणजे स्वतंत्र, म्हणजे एकत्र घडत नाहीत’ अशी साखळी डोक्यात तयार होते. प्रत्यक्षात उलट आहे. काढलेलं पान बदाम आहे असं मी सांगितलं तर ते इस्पिक असण्याची संभाव्यता १/४ वरून थेट शून्यावर येते. एका बातमीने दुसरीचं पार उच्चाटन होतं, म्हणजे संबंध अगदी घट्ट आहे. याउलट पान बदाम आहे हे कळल्यावर ते राजा असण्याची संभाव्यता १३ पैकी १, आणि न कळताही ती ५२ पैकी ४, म्हणजे तेवढीच. बातमीने फरक पडला नाही, म्हणून ‘बदाम’ आणि ‘राजा’ स्वतंत्र आहेत, आणि बदामचा राजा नावाचं पान असतंच. ज्या दोन घटनांची संभाव्यता शून्याहून जास्त आहे, त्या एकाच वेळी परस्पर अपवर्जीही आणि स्वतंत्रही असू शकत नाहीत.

आता ‘निदान एक’ या प्रकाराकडे. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितींचा जो पत्रव्यवहार झाला, ज्याला या शास्त्राची सुरुवात मानतात, त्यामागे शेव्हालिए द मेरे या खेळाची आवड असलेल्या गृहस्थाचे प्रश्न होते. एक फासा चार वेळा टाकून निदान एकदा ६ पाडण्याची पैज फायद्याची ठरते. मग दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर ६ पाडण्याची पैजही तशीच असायला हवी, नाही का? सहाला चार, तर छत्तीसला चोवीस, प्रमाण तेच.

इथे विद्यार्थी ४ गुणिले १/६ करून २/३ म्हणतात. हे उत्तर तपासायला दहा सेकंद पुरतात: फासा सात वेळा टाकला तर याच रीतीने ७/६ येतात, एकापेक्षा जास्त. म्हणजे रीतच चूक. ज्या खेळांत दोन किंवा तीन वेळा ६ पडला ते इथे दोनदा-तीनदा मोजले गेले. सरळ वाट उलट बाजूने जाते. एकदाही ६ न पडण्याची संभाव्यता काढा: चार वेळा ५/६, म्हणजे ६२५/१२९६. ती एकातून वजा केली की ६७१/१२९६, म्हणजे सुमारे ०.५१८. निम्म्याहून किंचित जास्त, पैज फायद्याची. दोन फाशांसाठी ३५/३६ चा चोविसावा घात एकातून वजा केला की सुमारे ०.४९१ येतात. निम्म्याहून किंचित कमी, पैज तोट्याची. प्रमाण सारखं असून निकाल वेगळा.

ही पूरक घटनेची, म्हणजे ‘न घडण्या’ची संभाव्यता काढून एकातून वजा करण्याची, युक्ती हाताशी असेल तर २३ माणसांच्या खोलीत निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची संभाव्यता निम्म्याहून थोडी जास्त (सुमारे ०.५०७) का निघते, हेही सुटतं. सगळ्यांचे वाढदिवस वेगळे असण्याची संभाव्यता काढून वजा करायची. आश्चर्य वाटतं ते आपण स्वतःचा वाढदिवस धरून विचार करतो म्हणून. २३ माणसांत जोड्या मात्र २५३ असतात.

मोजणीबद्दल थोडंसंच सांगतो, कारण क्रमपर्याय आणि निवड यांच्या धड्यात लोक महिनोन्महिने अडकतात आणि मूळ विषय राहून जातो. पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत, दोन काढले, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? क्रम धरून मोजलं तर ५ गुणिले ४ म्हणजे २०, भागिले ८ गुणिले ७ म्हणजे ५६. क्रम सोडून मोजलं तर १० भागिले २८. दोन्ही ५/१४. ‘इथे क्रम धरायचा की नाही’ या चिंतेत वेळ घालवू नका. अशा प्रश्नांत वर क्रम धरला तर खालीही धरायचा, वर सोडला तर खालीही सोडायचा. चूक होते ती वर एक आणि खाली दुसरं केल्याने. मनात गोंधळ असेल तर दोन्हीकडे क्रम धरा. आकडे मोठे होतील, पण निष्पत्ती समसंभाव्य राहतील.

इथपर्यंत आलात की या अपूर्णांकाचा अर्थ काय, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. छाप्याची संभाव्यता १/२ म्हणजे दोनदा उडवल्यावर एकदा छापा, असं नाही. जॉन केरिच हे गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. वेळ भरपूर होता, तेव्हा त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवून नोंद ठेवली. पहिल्या १०० मध्ये ४४ छापे होते, पहिल्या १,००० मध्ये ५०२, आणि १०,००० मध्ये ५,०६७. हे आकडे नीट बघा. शंभराला निम्म्यापासूनचं अंतर ६ होतं आणि दहा हजाराला ते ६७ झालं. अंतर वाढलं! पण प्रमाण ४४ टक्क्यांवरून ५०.६७ टक्क्यांवर आलं. मोठ्या संख्यांचा नियम (प्रयोग वाढत गेले की प्रमाण संभाव्यतेच्या जवळ येतं) प्रमाणाबद्दल बोलतो, अंतराबद्दल नाही. ‘सलग पाच वेळा काटा पडला, आता छापा यायलाच हवा’ असं म्हणणारा माणूस नाणं जुना हिशेब चुकता करेल अशी अपेक्षा धरून बसलेला असतो. नाणं काहीही चुकतं करत नाही. सुरुवातीचा असमतोल पुढच्या हजारो नोंदींच्या गर्दीत नगण्य होतो, एवढंच.

आता सशर्त संभाव्यता. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे, आणि जास्तीत जास्त वेळ इथे द्यावा. सूत्र भीतीदायक दिसतं, पण त्यात सांगितलेलं काम एकच: नवी माहिती मिळाली की यादीतल्या अशक्य झालेल्या निष्पत्ती खोडा, आणि उरलेल्यांची संख्या हाच नवा छेद धरा.

दोन फासे टाकले, लाल आणि निळा. मी सांगितलं की लाल फाशावर ६ आहे. दोन्हींवर ६ असण्याची संभाव्यता किती? मघाच्या तक्त्यातली लाल ६ ची ओळ सोडून सगळं खोडा. सहा घरं उरतात, त्यांतलं एक अनुकूल, उत्तर १/६. आता मी फक्त एवढंच सांगितलं की दोघांपैकी निदान एकावर ६ आहे. आता एक पूर्ण ओळ आणि एक पूर्ण रकाना उरतो. त्यांची ११ घरं होतात, १२ नाही, कारण कोपऱ्यातलं घर दोघांत सामाईक आहे. उत्तर १/११. दोन वाक्यं ऐकायला जवळपास सारखी वाटतात, पण छेद ६ आणि ११ आहेत. हे उदाहरण पटेपर्यंत पुढे जाऊ नका.

पुढची पायरी म्हणजे अट आणि घटना यांची अदलाबदल. एक काल्पनिक आजार घ्या, शंभरात एकाला असणारा. चाचणी अशी की आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना ती पॉझिटिव्ह दाखवते, आणि निरोगी माणसांपैकी ९ टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला आजार असण्याची संभाव्यता किती? बहुतेक जण ९० टक्क्यांच्या आसपास म्हणतात. टक्के सोडा आणि माणसं मोजा. १०,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यांतले ९० पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतले ८९१ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ९८१, त्यांत खरोखर आजारी ९०. उत्तर सुमारे ९.२ टक्के. ‘आजारी असताना पॉझिटिव्ह’ याचा छेद १०० होता, ‘पॉझिटिव्ह असताना आजारी’ याचा छेद ९८१ आहे. बेझचा सिद्धांत म्हणून जे सूत्र शिकवतात ते हेच काम करतं. थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये, हा विचार प्रसिद्ध झाला. सूत्र नंतर शिका. आधी अशी पाच-सहा उदाहरणं दहा हजार माणसं मोजून सोडवा.

ही अदलाबदल फक्त परीक्षेतले गुण घालवते असं नाही. इंग्लंडमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क या स्त्रीला तिच्या दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं गेलं. एका डॉक्टरने साक्षीत सांगितलं होतं की अशा कुटुंबात एक बाळ अचानक, नैसर्गिकरीत्या दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये १ आहे, म्हणून दोन दगावण्याची शक्यता त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७.३ कोटींमध्ये १. आतापर्यंत वाचलेल्यावरून यातल्या दोन चुका तुम्हाला दिसायला हव्यात. पहिली, गुणाकार करताना दोन मृत्यू स्वतंत्र मानले. एकाच घरात, एकाच आईवडिलांच्या मुलांमध्ये आनुवंशिक किंवा परिसरातली कारणं सामाईक असू शकतात, त्यामुळे एका मृत्यूनंतर दुसऱ्याची संभाव्यता तीच राहील असं धरता येत नाही. दुसरी, ‘आई निर्दोष असताना असे दोन मृत्यू होण्याची संभाव्यता’ हा आकडा ‘असे दोन मृत्यू झाले असताना आई निर्दोष असण्याची संभाव्यता’ म्हणून वाचला गेला. दोन मुलांचा खून हीसुद्धा अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे. तुलना या दोन दुर्मीळ गोष्टींमध्ये व्हायला हवी होती. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्याच्या वापरावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली.

तीन दारांचं प्रसिद्ध कोडं (एका दारामागे मोटार, दोघांमागे बकऱ्या, तुम्ही दार निवडल्यावर सूत्रसंचालक बकरीचं दार उघडतो, निवड बदलावी का?) मी मुद्दाम शेवटी ठेवतो. सूत्रसंचालकाला मोटार कुठे आहे हे माहीत असेल आणि तो नेहमी बकरीचंच दार उघडत असेल, तर बदलल्यावर जिंकण्याची संभाव्यता २/३. तो डोळे मिटून दार उघडत असेल आणि योगायोगाने बकरी निघाली असेल, तर १/२. डोळ्यांना दिसलेलं दृश्य दोन्ही वेळा तेच आहे. माहिती काय मिळाली यासोबतच ती कोणत्या रीतीने मिळाली हेही विचारावं लागतं, नाहीतर काय खोडायचं ते ठरत नाही.

अभ्यासाच्या रीतीबद्दल विचारलंत म्हणून: दिवसाला वीस गणितं सोडवण्यापेक्षा तीन सोडवा, पण प्रत्येक दोन रीतींनी. एकदा यादी करून, एकदा नियम वापरून. उत्तरं जुळली नाहीत तर शिकायचं ते तिथेच आहे. उत्तर काढण्याआधी अंदाज लिहून ठेवा, निम्म्याहून जास्त की कमी एवढा तरी. वही कंटाळवाणी वाटली तर स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक संख्या देणारं फंक्शन वापरून फासा हजार वेळा टाकून बघा. द मेरेच्या दोन्ही पैजा अशा तपासता येतात, पण ०.५१८ आणि ०.४९१ यांतला फरक हजार खेळांत ठामपणे दिसेलच असं नाही. तो दिसायला दहा-वीस हजार खेळ लावा. किती खेळ लागतात याचा अंदाज येणं हीच संख्याशास्त्राची सुरुवात आहे. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ मध्ये मांडलेली स्वयंसिद्ध तत्त्वं, अपेक्षित मूल्य, वितरणं हे सगळं यानंतर. त्याआधी घाईने उघडलंत तर चिन्हं कळतील, अर्थ निसटेल.

जाता जाता एक गणित देतो, पास्कल-फर्मा पत्रांमधलंच. दोघे खेळाडू प्रत्येकी ३२ नाणी लावतात. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४ मिळणार. प्रत्येक डावात दोघांची संधी सारखी. पहिला २-१ ने पुढे असताना खेळ थांबवावा लागला, तर वाटणी कशी करायची? आणखी जास्तीत जास्त दोन डाव लागतील, म्हणजे चार समसंभाव्य निष्पत्ती. दुसरा जिंकतो ते फक्त त्याने दोन्ही डाव मारले तर. म्हणून पहिल्याला ४८ आणि दुसऱ्याला १६. ‘पण पहिल्याने पुढचाच डाव जिंकला तर त्याच्या पुढचा खेळलाच जाणार नाही, मग चार निष्पत्ती का धरायच्या?’ असा आक्षेप त्या काळीही निघाला होता. दालांबेर यांचा युक्तिवाद आठवा आणि त्याला उत्तर द्या. मग खेळ १-० वर थांबला तर काय होईल ते स्वतः काढा. आणखी जास्तीत जास्त चार डाव, सोळा निष्पत्ती, सगळ्या लिहून काढा. पहिल्याच्या वाट्याला ४४ नाणी यायला हवीत.